टाळ वाजवत राहणारी दिंडी



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३.

गीता संपत आली आहे. भगवंतांनी सांगायचं ते जवळजवळ सगळं सांगून झालंय. कर्म सांगितलं, ज्ञान सांगितलं, भक्ती सांगितली, विश्वरूपही दाखवलं. आणि आता या श्लोकात ते अर्जुनाला म्हणतात की गूढाहूनही गूढ असं ज्ञान मी तुझ्यापुढे ठेवलं आहे. त्याचा सगळ्या बाजूंनी, काही शिल्लक न ठेवता विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसं वाग.

इथे जरा थांबूया. दोन्हीकडे सैन्यं उभी आहेत. सांगणारा साक्षात भगवंत आहे. ऐकणारा मनाने पार खचलेला होता, मध्येच विश्वरूप पाहून थरथरला होता, आणि "मी तुझा शिष्य आहे" असं स्वतःच्या तोंडाने म्हणून बसला होता. अशा माणसाकडून 'हो' वदवून घेणं काय अवघड होतं? तरी भगवंतांनी निर्णय अर्जुनाच्या हातात परत दिला.

मी हा श्लोक कित्येक वर्षं भरभर वाचून पुढे जायचो, कारण तीनच श्लोकांनंतर तो प्रसिद्ध ६६ वा येतो. हल्ली मात्र इथेच अडकतो. का, ते आज सांगतो.

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आमच्या टीममधला एक मुलगा म्हणाला, "दादा, धर्म म्हणजे काय शेवटी? जुना झालेला कल्ट! शे-दोनशे वर्षं टिकला की धर्म, नाही टिकला की कल्ट." सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण मी स्वतः जवळजवळ दोन वर्षं अशा एका ठिकाणी काढली आहेत. इथे मी त्याबद्दल आजवर लिहिलं नव्हतं. त्या जागेचं नाव लिहिणार नाही. नावाने फरक पडत नाही, आणि वाचताना तुम्हाला दुसरंच एखादं नाव आठवलं तर तेही नीट तपासून बघा.

गरम खिचडी

नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा हिंजवडीजवळ पीजीत राहायचो. आठवडा कामात जायचा, पण रविवार अंगावर यायचा. एका सहकाऱ्याने सत्संगाला नेलं. खोटं कशाला बोलू, तिथे फार बरं वाटलं. दारातच कुणीतरी नावाने हाक मारली. भजन सुंदर होतं. नंतर गरम खिचडी आणि कढी. माझा वाढदिवस कधी ते पहिल्याच रविवारी विचारून घेतलं होतं, आणि त्या दिवशी खरंच शिऱ्याचा डबा पीजीवर आला. आईपासून लांब राहणाऱ्या पोराला आणखी काय हवं असतं?

पुढचं सगळं हळूहळू झालं. रोज पहाटे व्हॉट्सअॅप ग्रुपवर जपाचा आकडा टाकायचा. नाही टाकला तर फोन यायचा, तोही प्रेमाचाच. मग जुने मित्र म्हणजे कुसंग झाले. मग दुसऱ्या संतांचे ग्रंथ "सध्या नको, मन फाटतं." मग आईबाबा "अजून मायेत आहेत, त्यांना सगळं सांगत बसू नकोस." यातली एकही पायरी मोठी नव्हती. प्रत्येक वेळी मी फक्त एकच पाऊल उतरत होतो.

मग गावाकडे आजी पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. आमचं शिबिर चालू होतं, म्हणून मी जायची परवानगी मागितली. बघा हं, चोवीस वर्षांचा माणूस स्वतःच्या आजीला भेटायची परवानगी मागत होता आणि त्याला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. उत्तर मिळालं, "आजी तिच्या प्रारब्धाने पडली. तू शिबिर अर्धवट सोडलंस तर ते ओझं तुझ्यावर." मी गेलो नाही.

आठ दिवसांनी गेलो. आजी खाटेवर होती. का आला नाहीस, असं तिने विचारलंच नाही. "जेवतोस ना रे वेळेवर?" एवढंच म्हणाली. माझी आजी माळकरी. पायांत बळ होतं तोवर वारी केलेली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुमच्या त्या महाराजांना कुणी उलट विचारतं का रे?"

मी म्हटलं, "आजी, सद्गुरूंना कोण उलट विचारणार?"

"आमच्यात विचारतात हो," ती म्हणाली. तिने एक आठवण सांगितली. एका सप्ताहात कीर्तन संपल्यावर गावातली एक म्हातारी उठून बुवांना म्हणाली होती, "बुवा, आज दृष्टांत चुकला तुमचा." बुवांनी हात जोडले आणि म्हणाले, "माउली, बरोबर आहे तुमचं." दुसऱ्या दिवशी तीच म्हातारी पुढे बसून टाळ वाजवत होती.

त्या वेळी मला वाटलं, आजी बिचारी अडाणी. तिला काय कळणार.

काही महिन्यांनी सेवा निधीसाठी बँकेतून कर्ज काढायचा विषय आला. माझ्या वाट्याला दोन लाख. मी सगळ्यांसमोर विचारलं, "पावती मिळेल का? हिशेब कुठे बघायला मिळेल?" खोलीत एकदम शांतता पसरली. कुणी रागावलं नाही. फक्त गोरोबाकाकांची गोष्ट सांगितली गेली. संतमेळ्यात गोरा कुंभारांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं तपासलं. सगळे गप्प बसले, एकटे नामदेव कुरकुरले, म्हणून नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं. "तू कच्चं मडकं आहेस," मला सांगण्यात आलं. त्याच रात्री ग्रुपमधून नाव निघालं. ज्यांच्याबरोबर दोन वर्षं पहाटे उठलो, ते रस्त्यात दिसले तर मान वळवू लागले.

पैसे गेले नाहीत, हे माझं नशीब. पण त्यानंतर सहा महिने मला नाम घेता आलं नाही. माळ कपाटात पडून होती. हात लावला की वाटायचं, देवानेच मला ग्रुपमधून काढलंय.

मधला शब्द

गीतेच्या चौथ्या अध्यायात, ३४ व्या श्लोकात, ज्ञान कसं मिळवावं ते सांगितलंय. ज्ञानी माणसाकडे जा आणि तीन गोष्टी कर : प्रणिपात, परिप्रश्न, सेवा. वाकून नमस्कार, सगळ्या बाजूंनी प्रश्न, आणि सेवा. परिप्रश्न हा नुसता प्रश्नही नाही. 'परि' म्हणजे चहूबाजूंनी. उलटून, पालटून, पुन्हा पुन्हा.

आमच्याकडे हा श्लोक दर शिबिरात सांगितला जायचा. प्रणिपातावर अर्धा तास, सेवेवर एक तास. परिप्रश्नावर काहीच नाही. मधला शब्द गाळला की दोन्ही बाजूंचे शब्द कसे बदलतात बघा. प्रश्नाशिवायचा नमस्कार म्हणजे नुसती मान खाली घालणं. प्रश्नाशिवायची सेवा म्हणजे फुकटची चाकरी.

आणि अर्जुन कसा शिष्य आहे? दुसऱ्या अध्यायात सातव्या श्लोकात तो म्हणतो, मी तुझा शिष्य, मला शिकव. आणि नवव्या श्लोकात? मी लढणार नाही, असं सांगून गप्प बसतो! शिष्य होऊन पुरे दोन श्लोकही झाले नाहीत. त्यावर भगवंत काय करतात? दहावा श्लोक सांगतो की ते जणू हसले. मग तिसऱ्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की तू एकदा हे चांगलं म्हणतोस, एकदा ते, माझा गोंधळ उडवतोस. चौथ्यात तर थेट शंकाच घेतो : तुझा जन्म आत्ताचा, विवस्वानाचा कितीतरी आधीचा, मग तू त्याला हा योग सांगितलास हे मी कसं समजू? हा प्रश्न आज एखाद्या बाबांना विचारून बघा. भगवंतांनी मात्र प्रश्न विचारला म्हणून अर्जुनाला रथातून उतरवलं नाही. उत्तर दिलं.

अख्खी गीता उभी आहे ती प्रश्नांवर. अर्जुन पहिल्यांदाच "बरं, देवा" म्हणाला असता, तर अठरा अध्याय झालेच नसते.

एका बाईचा प्रश्न

त्या सहा महिन्यांत मी अशा ठिकाणांबद्दल बरंच वाचलं. त्यातली एक गोष्ट अजून सोडत नाही.

अमेरिकेत जिम जोन्स नावाचा एक धर्मोपदेशक होता. १९५० च्या दशकात इंडियानापोलिसमध्ये त्याने आपलं मंदिर सुरू केलं, ते पुढे 'पीपल्स टेंपल' म्हणून ओळखलं गेलं. सुरुवात वाईट नव्हती. गोरे आणि काळे एकत्र बसणं जिथे दुर्मीळ होतं, तिथे याच्याकडे ते शेजारी बसायचे. गरिबांना जेवण मिळायचं, म्हाताऱ्यांची काळजी घेतली जायची. लोक काही मूर्ख म्हणून गेले नव्हते. चांगल्या गोष्टीच्या ओढीने गेले होते, अगदी आपल्यासारखेच. मग हळूहळू घरं, पगार, पेन्शन संस्थेकडे जाऊ लागली. जोन्सला लोक 'डॅड' म्हणू लागले. पुढे तो शेकडो अनुयायांना घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात जंगलात राहायला गेला. तिथे पासपोर्ट काढून घेतलेले होते. त्या वस्तीचं नाव जोन्सटाउन.

नोव्हेंबर १९७८ मध्ये लिओ रायन नावाचे अमेरिकी खासदार चौकशीसाठी तिथे गेले. काही जणांनी हळूच चिठ्ठ्या दिल्या : आम्हाला इथून न्या. १८ नोव्हेंबरला त्यांना घेऊन निघताना धावपट्टीवर रायन आणि आणखी चौघांना गोळ्या घालून मारलं. त्याच संध्याकाळी वस्तीत विष वाटलं गेलं. नऊशेहून अधिक माणसं मेली, त्यांत सुमारे तीनशे मुलं होती.

त्या शेवटच्या सभेचं ध्वनिमुद्रण आज उपलब्ध आहे. त्यात क्रिस्टीन मिलर नावाची एक बाई उठून बोलते. दुसरा काही मार्ग नाही का, असं विचारते. मुलांना जगायचा हक्क आहे, असं म्हणते. आणि तिला गप्प कोण करतं? एकटा जोन्स नाही. भोवतीची माणसं तिच्यावर ओरडतात. शेवटी तो आवाज थांबतो.

हे वाचलं तेव्हा मला आमची ती शांत खोली आठवली. आमच्याकडे विष नव्हतं, खिचडी होती. तुलना करून मी काही वाढवून सांगत नाही. पण एक प्रश्न विचारल्यावर आपलीच माणसं आपल्याकडे कशी बघतात, ते मी पाहिलेलं होतं.

सासवडचा तळ

पुढच्या ज्येष्ठात आजीचा फोन आला. "माझे पाय गेले. तू एक दिवस तरी चालून ये माझ्या वाटचं." नको म्हणता आलं नाही. माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चाललो. सुमारे तीस किलोमीटर, त्यात दिवे घाट. कुठल्या दिंडीत शिरावं तेही ठाऊक नव्हतं. एका दिंडीच्या कडेने चालू लागलो. कुणी नाव विचारलं नाही. हडपसरच्या पुढे एका काकांनी टाळ हातात दिला, त्यांना तंबाखू मळायची होती. घाटात एका म्हाताऱ्या बाई माझ्या पाया पडल्या. मी दचकलो. त्या म्हणाल्या, "माउली, पडू द्या. तुम्हीही पडा." वारीत सगळेच एकमेकांच्या पाया पडतात. नमस्कार एकाच खुर्चीकडे जात नाही, तो फिरत राहतो.

वारीत शिस्त नाही असं समजू नका. दिंड्यांचे क्रम ठरलेले आहेत, रथाच्या पुढची कोणती आणि मागची कोणती. माळ घातली की एकादशी आली, मांस-मद्य सुटलं. पंथ कडक आहे म्हणून तो कल्ट होत नाही. लहान आहे, नवा आहे, वेगळा दिसतो, म्हणूनही होत नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा महानुभाव पंथ उभा राहिला, तेव्हा तोही लोकांना विचित्रच वाटला असणार. त्यांच्याकडे म्हाइंभट आले ते वाद घालायला. पुढे त्यांनीच 'लीळाचरित्र' लिहिलं. वाद घालायला आलेल्याला दार उघडं होतं, म्हणून मराठीला तो ग्रंथ मिळाला.

तर त्या संध्याकाळी सासवडच्या तळावर दिंड्या गोलाकार उभ्या राहिल्या. हजारो टाळ एकाच वेळी वाजत होते. समाजआरतीची वेळ झाली. चोपदारांनी चोप उंच धरला आणि पुकारा केला. एका क्षणात सगळे टाळ थांबले. अंगावर काटा आला. पण एका कोपऱ्यात एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले.

मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसावं. शेजारच्या काकांना विचारलं, तर ते हसले. "ऐकू आलंय की. त्यांची काहीतरी तक्रार असंल."

वारीतली रीत अशी आहे मंडळी, की ज्या दिंडीला दिवसभरात काही अडचण आली असेल, कुणावर अन्याय झाला असेल, ती दिंडी चोप वर गेल्यावरही टाळ थांबवत नाही. मग चोपदार त्यांच्याकडे चालत जातात, काय झालं ते ऐकतात आणि मार्ग काढतात. तोपर्यंत आरती थांबते. माउलींची पालखी समोर आहे, थकलेला अफाट समाज उभा आहे, आणि सगळे एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी वाट बघतात. तक्रार मिटली की तो टाळ थांबतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याची निघायची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती.

मी तिथे उभा राहून रडलो. आजी बिचारी अडाणी, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी निघताना त्या दिंडीतल्या विणेकऱ्यांच्या पाया पडलो. म्हटलं, "मला परत जावं लागेल, नोकरी आहे." ते म्हणाले, "जा की. पुढल्या वर्षी जमलं तर या, नाही जमलं तर घरूनच हात जोडा. पांडुरंग काय पळून चाललाय?"

कॅन्टीनमधल्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी ही गोष्ट सांगितली. वयाने कल्टचा धर्म होत नाही बाबा, म्हटलं. टाळ वाजवत राहणाऱ्या दिंडीकडे चोपदार चालत जातो की तिला हाकलून देतो, एवढंच बघायचं.

मग ६६ व्या श्लोकाचं काय?

तो मुलगा हुशार आहे. म्हणाला, "पण दादा, गीतेतच पुढे सगळे धर्म सोडून एकट्या मला शरण ये, असं म्हटलंय ना? सगळे बाबा तेच तर सांगतात."

रास्त प्रश्न आहे, आणि आमच्या शिबिरातही हाच श्लोक रोज व्हायचा. म्हणून क्रम बघा. आधी ६३ : पूर्ण विचार कर आणि इच्छेला येईल तसं कर. त्यानंतर ६६ : शरण ये. जो 'नाही' म्हणू शकतो त्याच्याच 'हो'ला शरणागती म्हणतात. ज्याला दुसरा रस्ताच ठेवलेला नाही, तो शरण गेलेला नसतो, तो अडकलेला असतो. आणि ६६ नंतरही भगवंत थांबत नाहीत. ७२ व्या श्लोकात अर्जुनालाच विचारतात : नीट ऐकलंस ना? तुझा मोह गेला का? म्हणजे गुरू शिष्याला विचारतो की तुला पटलं का. मग ७३ व्यात अर्जुन म्हणतो, माझा संशय फिटला, आता तू सांगशील ते करतो. संशय दाबला, असं तो म्हणत नाही. फिटला म्हणतो.

आणि शरण कुणाला जायचं? अंतर्यामी असलेल्या भगवंताला. त्याला आपल्या पगाराची स्लिप लागत नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधात पाचव्या दशकात गुरुलक्षणाचा अख्खा समास लिहिला आहे. जे गुरू शिष्याला साधनेला लावत नाहीत, इंद्रियांना आवर घालायला शिकवत नाहीत, ते कवडीला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत, असा त्याचा सूर आहे. गुरूला पारखू नये असं म्हणणाऱ्यांनी तो समास जरूर वाचावा.

आणि गोरोबाकाकांची ती गोष्ट? ती मला अर्धीच सांगितली गेली होती. नामदेव रुसून थेट पांडुरंगाकडे तक्रार घेऊन गेले. पांडुरंगाने त्यांना गप्प केलं नाही, विसोबा खेचरांकडे पाठवलं. तिथे नामदेवांना जे कळायचं ते कळलं. संतमेळ्यातली त्यांची जागा कुणी काढून घेतली नाही. आजही पंढरपूरला महाद्वारात पहिली पायरी त्यांच्याच नावाची आहे. कुरकुरणाऱ्याची!

आपल्याही घरात

इथे थांबलो तर मी अर्धंच खरं सांगितलं असं होईल. कारण चांगल्या धर्मातही टाळ दाबले जातात. त्याच महाद्वाराशी चोखोबांची समाधी आहे. पायरीशी, बाहेर. ज्यांनी आयुष्यभर विठ्ठलाला हाका मारल्या, त्यांना आत जाता आलं नाही. आणि ते दार त्यांच्या लेकरांसाठी कित्येक शतकं बंद राहिलं. 'धर्म आहे' एवढं म्हणून ती चूक धुऊन निघत नाही.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. आधी महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकांना विनवलं होतं. विरोध मोठा होता. पण त्याच पंढरपुरात तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना बसायला जागा दिली. दहा दिवस गुरुजींनी आपला टाळ थांबवला नाही, आणि शेवटी दार उघडलं. उशिरा, फार उशिरा. पण उघडलं ते आतूनच. भक्तानेच धर्माला त्याची चूक दाखवली आणि वारकऱ्याच्याच मठाने त्याला आसरा दिला.

म्हणून मला वाटतं, धर्म आणि कल्ट या दोन गावांमध्ये पक्की वेस नाही. आपलं मंडळ, आपला मठ, आपली आवडती बैठक, कुठलीही जागा हळूहळू त्या बाजूला सरकू शकते. लक्ष ठेवणं आपलं काम.

स्वतःला विचारायचे प्रश्न

आजचा अभ्यास हा. डोळे मिटून, प्रामाणिकपणे विचारा. मीही विचारतो.

१. माझ्या जागेत मी सगळ्यांसमोर शंका विचारली, तर पुढच्या रविवारी मला त्याच प्रेमाने जेवायला वाढतील का?

२. पैशाची पावती मिळते का? हिशेब कुणालाही बघता येतो का?

३. इथे आल्यापासून आईबाबा, भावंडं, जुने मित्र माझ्या जवळ आले की लांब गेले? भक्तीने माणूस घरच्यांशी जास्त गोड वागायला हवा.

४. आम्हाला जे नियम आहेत ते गुरूंनाही आहेत का? की त्यांच्या वागण्याला 'लीला' म्हणतात आणि आमच्या वागण्याला 'पाप'?

५. सोडून गेलेल्यांबद्दल आमच्यात कसं बोललं जातं? हा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण मला विचाराल तर हा सगळ्यात नेमका आहे. जिथे गेलेल्या माणसासाठी भीतीचा किंवा कुचेष्टेचा शब्द तयार असतो, तिथे राहिलेल्यांसाठीही तोच शब्द राखून ठेवलेला असतो.

तुमचा कुणी मित्र अशा ठिकाणी असेल तर त्याची टिंगल करू नका, स्क्रीनशॉट पाठवून वाद घालू नका. माझ्याशी वाद घालणारे सगळे मित्र मी त्या काळात तोडले. राहिली ती "जेवतोस ना रे" म्हणणारी आजी. तिचा एक प्रश्न माझ्या मनात कितीतरी महिने वाजत राहिला. फोन चालू ठेवा, दार उघडं ठेवा. आणि कुठे पैशाची जबरदस्ती, मारहाण किंवा शरीराशी गैरवर्तन होत असेल, तर सरळ पोलिसांत जा. तो गुरुद्रोह नाही.

आणि तुमच्यातला कुणी नुकताच बाहेर पडला असेल, कपाटातल्या माळेला हात लावायची भीती वाटत असेल, तर तुझ्यासाठी एवढंच. नाम त्यांचं नव्हतं रे. त्यांच्या आधीही होतं. त्यांनी तुला ग्रुपमधून काढलं, विठ्ठलाने नाही. विठ्ठलाकडे कुणालाही काढून टाकायचं बटण नाही. घाई करू नको. रागावलेला असशील तर रागावूनच घे नाव. अर्जुनही धनुष्य टाकूनच बसला होता की, आणि देव त्याच्याच रथावर होता.

आजी आता नाही. तिची माळ माझ्या गळ्यात आहे.

पांडुरंगा, आम्हाला वाकायला शिकव आणि वाकताना विचारायलाही शिकव. आमच्यापैकी कुणाचा टाळ वाजत राहिला, तर त्याच्याकडे चालत जायची बुद्धी आम्हाला दे.

राम कृष्ण हरी.